गेम मध्येच बंद पडतो, दोष कुणाचा?

घरचा संगणक



परीक्षा आटोपून सुट्ट्या लागल्या की घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा सांगतो, "गेम सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटे नीट चालतो आणि एकदम बंद पडतो." वडील म्हणतात, "एवढे पैसे घातले, आता आणखी काय?" दुकानदाराला दाखवावे तर तो कॅबिनेट उघडण्याआधीच सांगतो, "कार्ड गेलंय, नवीन टाका." मुलाला मात्र ठाऊक असते की आठ दिवसांपूर्वी त्याने त्या कार्डाचा वेग वाढवला होता. हे तो घरात सांगत नाही, कारण ओरडा बसेल ही भीती असते.

असे घर आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीत असेल. बाप वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कंपनीत, आई शिवणकाम करून हातभार लावणारी, आणि घरात एकच संगणक. त्याच संगणकावर मुलीचा सीईटीचा अर्ज भरायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा आणि संध्याकाळी मुलाने गेम खेळायचा. अशा घरात चुकीचे निदान परवडत नाही. कार्ड चांगले असताना नवे घेतले तर फीचे पैसे गेले. उलट दोष अंगावर काढला आणि ऐन अर्जाच्या शेवटच्या दिवशी संगणक बसला तर वर्ष गेले. म्हणून या वेळी हा विषय मुळापासून समजून घेऊ.

वेग वाढवणे म्हणजे काय?

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्यातील मुख्य चिप ठरावीक ठेक्यावर चालते. हा ठेका मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे स्वस्तातले कार्ड. त्याचा मूळ वेग १४८५ आणि भार आल्यावर वाढणारा वेग १६६५ मेगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या या वेगापेक्षा आपण जास्त वेगाने चिप चालवली की त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यात एक पट्टी उजवीकडे सरकवली की काम झाले. सोपे आहे, म्हणूनच मुले ते करतात.

हा उद्योग आजचा नाही. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचारपट वेगाने, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झवर चालायचा. हुशार मंडळींनी मदरबोर्डवर बस १०० केली. साडेचार गुणिले शंभर, ४५० झाले! स्वस्तातला प्रोसेसर महागड्याच्या पंक्तीला जाऊन बसला. तेव्हापासून जगभरातल्या कमी पैशांच्या मुलांना या गोष्टीचे आकर्षण आहे. पैसा कमी असला की माणूस डोके लढवतो, यात गैर काही नाही.

पण एक हिशेब मुलांना कुणी सांगत नाही. चिप किती वीज खाते हे वेगावर अवलंबून असते, आणि त्याहून अधिक व्होल्टेजवर अवलंबून असते. वेग १० टक्के वाढवला तर वीज साधारण १० टक्के वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढवले तर वीज वाढते २१ टक्के, कारण तिथे वर्गाचा हिशेब लागतो. दोन्ही १० टक्के वाढवले की वीज ३३ टक्के जास्त. आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. गेममध्ये फायदा किती? वेग ६ टक्के वाढला तर जिथे सेकंदाला ६० चित्रे दिसत होती तिथे फार तर ६३-६४ दिसतील. एवढ्यासाठी किती धोका पत्करायचा, हे आधी ठरवावे.

पहिला नियम : सगळे पूर्ववत करा

गेम बंद पडू लागला की पहिले काम एकच. आफ्टरबर्नरमधले रीसेटचे बटण दाबून कार्ड कंपनीच्या मूळ वेगावर आणा. प्रोसेसरचा किंवा रॅमचा वेग वाढवला असेल तर तोही खाली आणा. मग तोच गेम, तेवढाच वेळ, त्याच सेटिंगवर खेळून पाहा. एखादा दिवस नव्हे, दोन-तीन दिवस पाहा.

आता दोनच शक्यता उरतात. गेम नीट चालला तर दोष वाढवलेल्या वेगात आहे. कार्ड गेलेले नाही, नवे घेण्याची गरज नाही. आणि मूळ वेगावरही गेम बंद पडला तर दोष दुसरीकडे आहे. मग वेगाशी कितीही खेळलात तरी तो सापडणार नाही. एवढे एक काम केले तरी निम्मे निदान घरबसल्या, एक पैसा न घालवता होते.

संगणक वेग वाढवलेल्या स्थितीत सुरूच होत नसेल तर घाबरू नका. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा आणि आफ्टरबर्नर काढून टाका. तो वाढीव वेग त्या सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून लागू होतो. सॉफ्टवेअर नाही तर वाढीव वेग नाही. म्हणूनच "विंडोज सुरू होताच वेग लागू करा" ही खूण आठवडाभर सगळे सुरळीत चालल्याशिवाय कधीही लावू नये.

लक्षणे ओळखा

डॉक्टर जसे ताप, खोकला, नाडी वेगवेगळे पाहतो तसे इथेही करावे. "बंद पडतो" हा एक शब्द पुरेसा नाही. कसा बंद पडतो, ते पाहा.

पडदा क्षणभर काळा होतो, गेम नाहीसा होतो आणि डेस्कटॉप परत दिसतो : विंडोज ग्राफिक्स कार्डाकडून उत्तराची सुमारे दोन सेकंद वाट पाहते. उत्तर आले नाही तर ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. मुख्य चिपचा वेग जास्त झाल्याचे हे नेहमीचे लक्षण आहे. वेग थोडा खाली आणा.

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, ताणलेले त्रिकोण दिसतात : कार्डावरच्या मेमरीचा वेग जास्त झाला असण्याची शक्यता अधिक. जीडीडीआर-५ आणि त्यापुढच्या मेमरीत एक सोय असते. माहिती पोचताना चूक झाली तर ती ओळखून तीच माहिती पुन्हा मागवली जाते. त्यामुळे कधी कधी असे होते की मेमरीचा वेग वाढवला तरी गेम बंद पडत नाही, उलट चित्रे कमी होतात. चुका दुरुस्त करण्यातच वेळ जातो. वेग वाढवून गेम संथ झाला तर समजा, मर्यादा ओलांडली.

आधी गेम अडखळतो, वेग कमी-कमी होत जातो, पंखा ओरडतो आणि मग तो बंद पडतो : ही उष्णतेची खूण.

काहीही सूचना न देता अख्खा संगणक बंद होतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो : आधी वीजपुरवठ्याकडे पाहा. म्हणजे एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीतला पॉइंट.

नेहमी त्याच एका गेममध्ये, त्याच एका जागी बंद पडतो आणि बाकीचे गेम नीट चालतात : कार्डाला दोष देऊ नका. गेमच्या फाइल तपासा, ड्रायव्हर पाहा. कार्डावर ४ जीबीच मेमरी असेल आणि गेममध्ये चित्रांचा दर्जा सर्वांत वर ठेवला असेल तर मेमरी अपुरी पडूनही गेम बंद पडतो. दर्जा एक पायरी खाली आणला की प्रश्न सुटतो.

विंडोज स्वतःही नोंद ठेवत असते. विंडोजच्या बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टीम. गेम ज्या मिनिटाला बंद पडला त्या मिनिटाची नोंद पाहा. डिस्प्लेच्या नावाने ४१०१ क्रमांक असेल तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला, असा अर्थ. कर्नेल-पॉवरच्या नावाने ४१ क्रमांक असेल तर संगणक रीतसर बंद न होता अचानक बंद झाला, एवढाच अर्थ. ४१ पाहून "एसएमपीएस गेला" असे लगेच म्हणू नका. लाइट गेली तरीही तीच नोंद येते.

आपल्याकडचा उन्हाळा

आता आपल्या गावची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या औरंगाबादला, एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर विचारूच नका. ओव्हरक्लॉकिंगचे जे आकडे मुले दुसऱ्यांचे पाहून उतरवतात, ते आकडे देणाऱ्याची खोली थंड असते, बहुधा एसी असतो. इथे फरक पडतो.

हिशेब साधा आहे. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कार्डाने स्वतः निर्माण केलेली वाढ. डिसेंबरात खोली २४ अंश आणि कार्ड ६८ अंश असेल तर कार्डाची स्वतःची वाढ ४४ अंश. तेच कार्ड, तोच गेम, मे महिन्यात खोली ३८ अंश : ३८ अधिक ४४, झाले ८२. जीटीएक्स पिढीतील एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत ८३ अंशांच्या आसपास कार्ड स्वतःच वेग कमी करू लागते. म्हणजे डिसेंबरात जमलेला वाढीव वेग मे महिन्यात टिकेलच असे नाही. "कालपर्यंत नीट चालत होतं" या वाक्याचे उत्तर पुष्कळदा कॅलेंडरात असते.

याच्या उलटही होते, आणि ते कळत नाही म्हणून मुले गोंधळतात. ही कार्डे थंड असताना आपणहून थोडा अधिक वेग घेतात आणि तापू लागली की पायरीपायरीने वेग सोडतात. त्यामुळे गरम झाल्यावर तासभर नीट चालणारे कार्ड हिवाळ्यात सकाळी, गेम सुरू होता होताच बंद पडू शकते. तेव्हा ते थंड असते आणि वेगाच्या सर्वांत वरच्या पायरीवर असते. म्हणून तपासणी थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत करावी.

उष्णतेवर घरगुती उपाय आधी करा. संगणक बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती हवेने गरगर फिरू देऊ नका. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा लाकडी कप्प्यात कोंबून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. कूलरचा ओला झोत थेट संगणकावर घेऊ नका. खोली गार झाली की पुरे, ओल आणि धूळ दोन्ही आत जाता कामा नये. चार-पाच वर्षे जुने कार्ड असेल तर चिप आणि धातूचा पंखेरी भाग यांच्यामधली पेस्ट वाळून गेलेली असते. जाणकाराकडून ती बदलून घ्यावी. हे काम थोड्या पैशांत होते.

उष्णतेशी झगडणारे आपण एकटेच नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये परम ब्रह्म हा महासंगणक बसवला, तेव्हा त्याच्या चिपांजवळून द्रव फिरवून उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था करावी लागली. यंत्र लहान असो वा मोठे, उष्णता बाहेर गेली तरच ते चालते.

वीज पुरेशी आहे का?

मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची वेगळी वायर असेल तर आणखी ७५, आठ पिनांची असेल तर १५०. जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० ही कार्डे मूळ रचनेत ७५ वॅटमध्येच भागतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. अशा बिनवायरच्या कार्डाचा वेग कितीही वाढवा, ते ७५ वॅटच्या भिंतीला जाऊन धडकते आणि थांबते. म्हणून त्यांच्यात ओव्हरक्लॉकिंगचा लाभ फारच थोडा. स्लॉटमधून जास्त वीज ओढणे धोक्याचे असते. २०१६ मध्ये एएमडीचे आरएक्स ४८० कार्ड बाजारात आले तेव्हा ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज घेते असे आढळले आणि कंपनीला काही दिवसांतच नवा ड्रायव्हर देऊन ते सावरावे लागले.

आता एसएमपीएस पाहा. डब्यावर मोठ्या अक्षरात "४५० वॅट" लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. बाजूच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. कार्ड आणि प्रोसेसर यांना लागणारी वीज मुख्यतः तिथून येते. १४ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आता २०१७ चे आरएक्स ५८० कार्ड एकटेच १८५ वॅटचे आहे. अशा एसएमपीएसवर ते कसे चालणार? वरून त्याचा वेग वाढवला तर संगणक बंद पडणारच. यात कार्डाचा काही दोष नाही. लग्नात पन्नास पानांचा स्वयंपाक करून दीडशे माणसे बसवली तर आचाऱ्याला बोल लावून काय उपयोग?

हार्डडिस्कच्या साटा वायरला जोडणी लावून कार्डाला वीज देणे तर पूर्ण टाळा. साटाचा तो कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरताच असतो. त्यावर ७५ किंवा १५० वॅटचा भार टाकला तर प्लास्टिक वितळते, आगही लागू शकते.

घरातला ६०० व्हीएचा यूपीएसही तपासा. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेले असते. लाइट असेपर्यंत सगळे ठीक असते. लाइट गेली किंवा व्होल्टेज घसरून यूपीएस बॅटरीवर आला, आणि त्याच वेळी गेम भरात असला, तर जुनी बॅटरी तो भार पेलत नाही आणि संगणक फटकन बंद होतो. मुलाला वाटते कार्डाने दगा दिला. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. गेम बाजूला ठेवा, आधी वायरमनला बोलवा. तो प्रश्न जिवाचा आहे.

दिसते एक, असते दुसरेच

पडद्यावर आलेल्या संदेशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, याची दोन मोठी उदाहरणे देतो. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० हे महागडे कार्ड आले. काही ग्राहकांचे गेम बंद पडू लागले. ग्राहकांनी काहीच छेडछाड केली नव्हती. कारखान्यातूनच वेग वाढवून दिलेली काही कार्डे २००० मेगाहर्ट्झच्या आसपास गेली की डगमगत होती. महिना संपण्याच्या आत कंपनीने नवा ड्रायव्हर दिला आणि तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. म्हणजे महागडे कार्डही मर्यादेच्या कडेवर चालवले की पडते.

दुसरे उदाहरण २०२४ चे. अनेकांच्या पडद्यावर "ग्राफिक्स मेमरी संपली" असा संदेश येऊन गेम बंद पडत होते. लोकांनी कार्डे बदलली, ड्रायव्हर बदलले. शेवटी निघाले ते वेगळेच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरमध्येच बिघाड होता, त्यांना जास्त व्होल्टेज जात होते. इंटेलला दुरुस्तीची प्रणाली द्यावी लागली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांनी संदेशावर विसंबून नवे कार्ड घेतले त्यांचे पैसे वाया गेले.

म्हणून मूळ वेगावरही गेम बंद पडत असेल तर क्रमाने जा. जुना ड्रायव्हर डीडीयू या साधनाने पूर्ण काढून नवा टाका. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. कार्ड स्लॉटमधून काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवा. मित्राचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून घ्या. शेवटी कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहा. तिथेही पडले तरच कार्डावर ठपका ठेवा.

जुने कार्ड घेताना

आपली बरीच मुले जुने कार्ड घेतात. यात कमीपणा नाही, पण एक गोष्ट माहीत असावी. आभासी चलन तयार करण्यासाठी हजारो कार्डे रात्रंदिवस राबवली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि ती कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतील काहींच्या आतली मूळ प्रणाली, म्हणजे बायोस, बदललेली असते. मेमरी त्या कामासाठी ताणून ठेवलेली असते. असे कार्ड गेममध्ये मूळ वेगावरही पडते, कारण त्याचा "मूळ" वेगच मूळ राहिलेला नसतो. अनेक आरएक्स ५७० आणि ५८० कार्डांवर बायोसची छोटी कळ असते. ती संगणक बंद करून दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावी.

जीपीयू-झेड नावाचे फुकट साधन कार्डाची जन्मकुंडली दाखवते. चिप कोणती, मेमरी किती, बायोस कोणता, सगळे कळते. जुन्या चिपेला नवे नाव चिकटवलेले बनावट कार्ड असेल तर ते बहुधा तसे दाखवते. आरएक्स ५८० च्या नावापुढे "२०४८ एसपी" असेल तर ते प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या ताकदीचे आहे, किंमत त्याप्रमाणे द्या. पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास गेम चालवून पाहा. नवे कार्ड घेत असाल तर जीएसटीचे पक्के बिल घ्याच. वॉरंटीतले सदोष कार्ड दुकानदार घेत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण वेग वाढवल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बहुधा बसत नाही, हेही विसरू नका.

वाढवायचाच असेल तर

मुलगा ऐकणारच नसेल, तर निदान शिस्तीने करू द्या. एक वही घ्या. तारीख, खोलीचे तापमान, चिपचा वेग, मेमरीचा वेग, कार्डाचे जास्तीत जास्त तापमान, किती वेळ चालले, काय झाले, असे सात रकाने आखा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चिपचा वेग २५ मेगाहर्ट्झने वाढवा, युनिजिन हेवनसारखी चाचणी वीस मिनिटे चालवा, मग गेम तासभर खेळा, आणि नोंद करा. पडले की दोन पायऱ्या मागे या आणि तिथेच थांबा. मग चिप मूळ वेगावर आणून मेमरी तशीच वेगळी तपासा. दोन्ही एकदम वाढवले तर कोणामुळे पडले हे कधीच कळणार नाही. व्होल्टेजची पट्टी स्वस्त कार्डात हलवूच नका.

आपल्या हवामानाला मानवणारी उलटी युक्तीही आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करायचे. वर दिलेला वर्गाचा हिशेब आता आपल्या बाजूने काम करतो. व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर वीज सुमारे १९ टक्के कमी, कार्ड गार, पंखा शांत. फार कमी केले तर गेम तसाच बंद पडतो, म्हणून इथेही पायरीपायरीने आणि वही घेऊनच जायचे. मे महिन्यात संभाजीनगरच्या पत्र्याखाली बसून गेम खेळणाऱ्याला वाढीव वेगापेक्षा हे अधिक लाभाचे आहे.

पालकांनो, मुलाने कार्डाशी खटपट केली म्हणून त्याच्यावर हात उगारू नका. भीतीने तो लपवेल, आणि लपवलेला दोष दुकानदाराकडे गेला की बिल होऊन परत येईल. त्याला वही दाखवायला सांगा. आणि एक अट घाला. अर्ज भरण्याच्या, परीक्षेच्या आणि प्रोजेक्टच्या दिवसांत कार्ड मूळ वेगावरच राहील, आणि बहिणीची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर वेगळी काढलेली असतील. संगणक अचानक बंद पडतो तेव्हा उघडी असलेली फाइल खराब होऊ शकते. गेम पुन्हा सुरू होतो, पण मुदत संपलेला अर्ज पुन्हा भरता येत नाही.

मुलामुलींनो, तुम्हालाही एक सांगणे. एका वेळी एकच गोष्ट बदलून, नोंद ठेवून, संशयितांना एकेक करून वगळत दोष शोधणे, हेच काम कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस पगार घेऊन करतो. ते तुम्ही गेमच्या निमित्ताने शिकत आहात. गोडी लागली तर पुढे जा. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचे अभ्यासक्रम चालवणारे नायलिटचे केंद्र आपल्याच शहरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात आहे. जाताना ती सात रकान्यांची वही बरोबर न्या.